मोंत्रेझूलचा तोबी

जत्रेच्या दिवशी सकाळी मार्टिनने रस्त्याकडच्या खिडकीची लाकडी झडपं अर्धी ओढून घेतली आणि रूथने ती पुन्हा सताड उघडली. त्याने पुन्हा ओढली. तिने पुन्हा उघडली. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं तोंडातून शब्द न काढता खिडकीशी असा पोरखेळ करताहेत हे बघून त्यांची सोळा वर्षांची लेक इझी कॉफी अर्धी टाकून परसात निघून गेली.

मोंत्रेझूलमध्ये अर्ध्या ओढलेल्या झडपांचा अर्थ एकच होतो. या घरातलं कुणीतरी वर्षभरात गेलं आहे. जत्रेच्या सकाळी गावातली तरुण पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अ‍ॅकॉर्डियन, ट्रम्पेट आणि ढोल घेऊन दारोदार हिंडतात. प्रत्येक दारात एक धून वाजवतात, मंडळाचा अध्यक्ष घरच्या बाईला एक गिरकी नाचवतो, घरचे पोरांना वाइन पाजतात आणि ट्रॉली पुढच्या दाराला लागते. अर्ध्या झडपांचं घर आलं की मात्र ट्रॅक्टर बंद. पोरं खाली उतरतात, टोप्या काढतात आणि ढोलावर हात ठेवून मुकाट पुढे चालत जातात. एरवी कुणाचंच न ऐकणारी पोरं ही, पण हा रिवाज त्यांनी कधी मोडलेला नाही.

"आज सांगून टाकू, रूथ," मार्टिन शेवटी म्हणाला. "निदान आज तरी. ती पोरं दारात येऊन वाजवणार, आणि आपल्या घरात..."

"आपल्या घरात काही झालेलं नाही," रूथ म्हणाली. "जे झालं ते लीड्सला झालं."

मार्टिनने झडपेवरचा हात काढला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि या बाईची त्याला कधी भीती वाटली नव्हती. या वर्षात वाटायला लागली होती. डोकं दुखतंय म्हणून तो वर जाऊन झोपला, म्हणजे पलंगावर पडून छताकडे बघत राहिला.

हॅलम कुटुंब इंग्लंड सोडून या गावात आलं त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा थोरला मुलगा टोबी बारा वर्षांचा होता आणि इझी चार. शेजारचं घर ओदील व्हेर्नचं. ओदीलच्या अंगणात तिच्या पोराबरोबर, बास्तियांबरोबर, हुंदडता हुंदडता टोबीने इथली भाषा अशी उचलली की शाळेतल्या मास्तरांनी तोंडात बोट घालावं. बदकांना कुठली शिवी द्यायची, ट्रॅक्टरला कुठली आणि सरकारला कुठली, हे सगळं त्याला ओदीलच्या सासऱ्याने शिकवलं. दुपारचं जेवण तो आईकडे जेवायचा आणि लगेच ओदीलकडे, "इथे काय केलंय?" म्हणत दुसऱ्यांदा. मोठा झाला, नोकरीसाठी इंग्लंडला परतला, पण ऑगस्टातली जत्रा त्याने कधी चुकवली नाही. गावात कुणाला 'ट' म्हणता येत नाही. गावाचा तो तोबी होता.

मागच्या नोव्हेंबरात, पावसात, लीड्सच्या एका चौकात, कामावरून सायकलने घरी येताना टोबीला ट्रकने उडवलं. फोन आला तेव्हा रूथ ओव्हनमधून केक काढत होती. त्याच संध्याकाळी ते निघाले, आणि विमानतळावरून ओदीलला काही तरी कळवायला हवं म्हणून रूथने कळवलं की माझी आई आजारी आहे. खरं लिहायला तिचं बोट उचललंच नाही. टोबीला लीड्सलाच पुरलं. तिकडेच का, हा प्रश्न त्या दिवसांत कुणी विचारला नाही. मार्टिनच्या भावाने जे ठरवलं त्याला दोघांनी मान हलवली.

परत आले तेव्हा ओदील दारात उभी. हातात सुपाचं पातेलं, खांद्यावर फडकं.

"आई कशी आहे गं तुझी? आणि माझा तोबी? भेटला की नाही? जेवतो का नीट, का अजून ते चिप्सच?"

रूथने खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ. पण बाहेर आलं ते भलतंच.

"बरा आहे," ती म्हणाली. "कामात आहे खूप."

शेजारी मार्टिन उभा होता. त्याला वाटलं, आता नको, थकली आहे, उद्या सांगेल. तो उद्या काही आला नाही.

आता कुणी म्हणेल, आजच्या जमान्यात असं कसं झाकून राहतं? राहतं. इंग्लंडची बातमी मोंत्रेझूलला सांगणार कोण? ती सांगणारी माणसं हॅलमच, आणि तीच गप्प. टोबीला आपले फोटो जगाला दाखवायची हौस नव्हती. लीड्सच्या मित्रांना या गावाचं नावही उच्चारता येत नव्हतं. इंग्लंडमध्ये टोबी मेलेला होता. तिथे त्याचं दफन झालं होतं, तिथल्या नातेवाइकांचे आवाज फोनवर हळू झाले होते. इथे मात्र रोज पाव आणायला गेलं की पाववाली विचारायची, तोबी कसा आहे? आणि रूथ म्हणायची, बरा आहे. हे म्हणताना तिच्या छातीवरचा दगड तेवढ्यापुरता उचलला जायचा. टोबी गेला होता. तोबी अजून होता.

आणि जिवंत माणूस म्हटलं की त्याचं काही ना काही होतंच असतं. जानेवारीत तोबीने खोली बदलली. ईस्टरला त्याला खोकला झाला, तर ओदीलने अंजिराच्या पानांचा काढा करून बाटली भरून दिली, तिकडे पाठव म्हणाली. रूथने बाटली घरी आणली, मोरीत ओतली आणि मोरीजवळच खाली बसली. मेमध्ये साहेब त्याच्यावर खूश झाला.

"आई," इझी तेव्हा म्हणाली होती, "तू त्याला बढतीसुद्धा दिलीस?"

इझी त्यानंतर गावातल्या मैत्रिणींकडे जायचीच बंद झाली. पोरगी मोठी झाली तशी शिष्ट झाली, असं गाव म्हणायला लागलं.

दहाच्या सुमाराला ट्रॉली दाराशी आली. रूथने लाल पट्ट्यांचा झगा घातला होता, टेबलावर वाइन काढून ठेवली होती. यंदा मंडळाचा अध्यक्ष बास्तियांच होता. पंचविशीचा, उन्हाने रापलेला, गळ्यात जत्रेचा पिवळा रुमाल. रिवाजाप्रमाणे तो एकटा पायरीशी आला.

"वाजवू का, मादाम रूथ?"

हा प्रश्न नुसता म्हणायचा म्हणून म्हणतात. उत्तर झडपांनी आधीच दिलेलं असतं. पण रूथला तो प्रश्न खरोखरच विचारल्यासारखा वाटला.

"वाजवा!" ती म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने.

ट्रम्पेट वाजला, ढोल वाजला. बास्तियांने तिचा हात धरून तिला पायऱ्यांसमोर गर्रकन फिरवलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. वर माडीवर पलंग करकरला, तो फक्त तिलाच ऐकू आला. गिरकी संपताना बास्तियां तिच्या कानाशी हळूच म्हणाला, "यंदा येणार नाही ना तो?"

"सुट्टी नाही मिळाली रे."

त्याने मान हलवली. वाइन न पिताच तो ट्रॉलीवर चढला. दरवर्षी दोन पेले रिचवणारा पोरगा आज असा का गेला, हे रूथच्या मनात आलं, पण तिने ते झटकून टाकलं. तिला आजचा दिवस हवा होता. कुणी काही म्हणो, तिला तो हवा होता.

आणि तो दिवस तिला मिळालाही. दुपारी चर्चसमोरच्या चिनारांच्या सावलीत लांबच लांब टेबलं मांडली होती आणि बायका रात्रीच्या जेवणाची खरबुजं चिरत होत्या. पुरुष लोखंडी गोळे टाकायचा खेळ खेळत एकमेकांची उणीदुणी काढत होते. ओदील रूथच्या शेजारी, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हातात सुरी आणि तोंडाचा पट्टा चालू.

"हे बघ, तू फोडी काय करतेस की लाकडं फोडतेस? बारा वर्षं झाली तुला इथे, खरबूज चिरता येईना!"

"तुझं लक्ष माझ्या खरबुजावरच का?"

"मग कुठे ठेवू? रेमोंकडे? त्याला बघून बघून माझे डोळे गेले." नवऱ्याचं नाव घेताच ओदीलने त्याच्या दिशेने सुरी हलवली, आणि तिकडून रेमोंने काही न ऐकताच हात हलवला. "बरं ते जाऊ दे. पाववालीची पोरगी विचारत होती. कुणाबद्दल, ओळख."

"कुणाबद्दल?"

"आता भोळेपणाचं सोंग नको घेऊस. तुझ्या लाडक्याबद्दल! पोरगी चांगली आहे, हात कामाचा आहे, पाव तर जन्मभर फुकट. सांग त्याला. म्हणावं, लीड्सच्या त्या फिकट पोरींना सोड आणि ये इकडे."

"सांगते," रूथ म्हणाली. "पण तो ऐकायचा नाही. तुला माहीत आहे तो कसा आहे."

"मला नको सांगूस तो कसा आहे. नाक पुसलंय मी त्याचं!"

रूथ हसली. खोटं नाही, मनापासून हसली. तो कसा आहे. 'आहे' म्हणायला मिळत होतं. हा शब्द तिला इंग्लंडमध्ये कुणी म्हणू देत नव्हतं. तिकडे सगळे 'होता' म्हणायचे, आणि तिने चुकून 'आहे' म्हटलं की कीव करून तिच्या हातावर हात ठेवायचे. इथे कुणाला तिची कीव येत नव्हती. इथे ती नुसती एक आई होती, जिचा मुलगा दूर आहे आणि आळशी आहे आणि फोन करत नाही. असल्या आया गावात ढिगाने होत्या.

खरबुजाची सालं टाकायला ती चर्चच्या मागे गेली तेव्हा बास्तियां तिथे द्राक्षवेलींच्या वाळक्या काटक्यांच्या मोळ्या सोडत होता. रात्री त्यांच्यावर बदकं भाजायची होती. तिला बघून तो उठला, हात पँटला पुसले.

"मादाम रूथ, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार ना."

"तो माझ्यावर अजून रागावलाय का?"

तिला काही कळेना. बास्तियांनेच मग खाली बघत सांगितलं. मागच्या जत्रेत दोघांचं भांडण झालं होतं. टोबीने कबूल केलं होतं की नोकरी सोडून परत येईन, अक्रोडाची बाग दोघं मिळून करू. बास्तियांने त्या भरवशावर शेजारची जमीनही कसायला घेतली. आणि जत्रेच्या रात्री टोबी म्हणाला, अजून एक वर्ष थांब.

"मी प्यायलो होतो," बास्तियां म्हणाला. "मी म्हटलं, तू शेवटी इंग्रजच. सुट्टीत यायचं, खायचं, नाचायचं, आणि काम आलं की पळायचं. जा म्हटलं. परत येऊ नकोस." त्याने नाक ओढलं. "मग मलाही माज. मी म्हटलं, आधी त्याने लिहावं. नाताळपर्यंत वाट बघितली. नाही लिहिलं त्याने. मग मीच लिहिलं. तेव्हापासून लिहितोच आहे. हे बघा."

त्याने फोन तिच्यापुढे धरला. एकाखाली एक निरोप. माफ कर. अरे गाढवा, बोल ना. माझी आई तुझी आठवण काढते. अक्रोडाला फूल आलंय. प्रत्येकापुढे एकच बारीक खूण, पोहोचल्याची दुसरी खूण कुठेच नाही.

"ब्लॉक केलंय त्याने मला," बास्तियां म्हणाला. "दुसरं काय असणार?"

टोबीचा फोन लीड्सच्या त्याच चौकात चक्काचूर झाला होता. पोलिसांनी तो पिशवीत घालून दिला होता.

रूथच्या हातातली सालांची बादली जड झाली. या क्षणी सांगायला हवं होतं. मला विचाराल तर याच क्षणी. पण समोर ओदीलचा पोरगा असा उभा होता, कान लाल झालेले, आणि रूथला वाटलं की याला बरं वाटेल असं काही तरी आपल्या हातात आहे. एवढे महिने ती टोबीच्या तोंडी शब्द घालत आली होती. अजून दोन घातले तर काय बिघडतं?

"रागावलेला नाही तो," ती म्हणाली.

"तो म्हणाला तसं?"

"म्हणाला."

"काय म्हणाला? नेमकं?"

"म्हणाला, बास्तियां मूर्ख आहे. पण माझा मूर्ख आहे."

बास्तियांचा चेहरा असा उजळला की तिला त्याच्याकडे बघवेना. "असंच म्हणणार तो!" तो म्हणाला. "अगदी असंच!" आणि त्याने बादलीसकट तिला मिठी मारली. सालं दोघांच्या पायांवर सांडली.

संध्याकाळी सातला घंटा झाली आणि घरोघरची माणसं आपापल्या टोपल्या घेऊन चौकात जमली. गावजेवणाला ताट, पेला, सुरी, काटा ज्याचा त्याने आणायचा. मार्टिनही टोपली घेऊन आला, न आला तर चार प्रश्न झाले असते. इझी आली आणि टेबलाच्या पार टोकाला जाऊन बसली. खरबूज झालं, बदक झालं, पांढरा घेवडा झाला. रेमोंने मार्टिनचा पेला रिकामा राहू दिला नाही, आणि इंग्रजांना वाइन कळत नाही यावर आपली नेहमीची टकळी लावली. मार्टिन हसण्याच्या जागी हसत होता. ऊन अजून घरांच्या छपरांवर होतं.

आणि मग बास्तियां बाकावर चढला. एका हातात माइक, दुसऱ्या हातात फोन.

"मंडळी! गप्प बसा जरा! बाबा, तुम्हीसुद्धा! आज आपल्यातला एक जण इथे नाही. तो जत्रेला नसण्याची ही पहिलीच वेळ. तिकडे पावसात बसून चिप्स खातोय."

"तोबी!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा झाला.

"त्याला सुट्टी नाही म्हणे. आपण सगळे मिळून त्याला एक निरोप पाठवू. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी ओरडायचं, 'तोबी, परत ये!' इतकं मोठ्याने की त्याच्या साहेबालासुद्धा ऐकू गेलं पाहिजे. मेयरसाहेब, तुम्हीही. एक... दोन..."

मार्टिनने काटा खाली ठेवला. इझीने टेबलाच्या त्या टोकावरून आईकडे बघितलं. आता तरी उठ, थांबव त्याला, असं ती नजर म्हणत होती.

"तीन!"

सगळं गाव ओरडलं. म्हातारे ओरडले, कडेवरची पोरं ओरडली, ओदील तर उभी राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली. तोबी, परत ये! चर्चच्या भिंतीवरून कबुतरं उडाली. आणि ओरडणाऱ्यांत रूथही होती. तिने ठरवून केलं नाही. तिचं तोंड उघडलं आणि आवाज निघाला, इतके महिने आत कोंडलेला, सगळ्यांच्या आवाजात मिसळून गेलेला, म्हणून तर तो कुणाला वेगळा ऐकू आला नाही. एका मार्टिनला आला. तो उठला, बाक ढकलला आणि चर्चच्या मागे चालता झाला. त्याला जास्त झाली, असं म्हणत रेमों हसला.

अ‍ॅकॉर्डियन पुन्हा सुरू झाला. लोक नाचायला उठले. बास्तियां रूथच्या शेजारी येऊन बसला, फोन ताटाशेजारी ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने फोन उचलला, पुसला आणि पुन्हा ठेवला.

"एकच खूण," तो म्हणाला.

रूथने आपलं ताट बाजूला सरकवलं.

"तुम्ही म्हणालात, रागावलेला नाही."

"नाही रे."

"मग अख्ख्या गावाने हाक मारली तरी..." त्याचा आवाज फुटला. चारचौघांत आवाज फुटला म्हणून तो स्वतःवरच चिडला. "मी त्याला म्हटलं, परत येऊ नकोस. तो ऐकतोय माझं. बघा ना. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकतोय."

उत्तरं तिच्याकडे तयार होती. फोन बिघडलाय त्याचा, नवा घ्यायचाय. परगावी गेलाय कामानिमित्त. एका दमात तिने असली दहा दिली असती. पण तिने या पोराकडे बघितलं आणि तिला कळलं की आपण तोबीला जितकं जगवू तितका तो याच्या मानेवर बसणार. पुढच्या जत्रेला. त्याच्या पुढच्या जत्रेला. इंग्लंडमधून न येणारा, न बोलणारा, माफ न करणारा तोबी. तिचा टोबी असा नव्हताच. टोबीला राग धरताच यायचा नाही.

"बास्तियां," ती म्हणाली. "तो ऐकत नाहीये. तो नाहीये. नोव्हेंबरात गेला. सायकलवर होता. ट्रकने उडवलं."

बास्तियां हसला. खरंच हसला, म्हणजे विनोद कळला नाही की माणूस हसतो तसा. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र तिच्या तोंडावर हिंडत राहिले.

"सकाळी आम्ही तुमच्या दारात वाजवलं," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही नाचलात माझ्याबरोबर."

"हो."

तो बोटांवर काही मोजल्यासारखं करत होता. "नोव्हेंबर. मी नाताळात लिहिलं पहिल्यांदा. म्हणजे मी लिहिलं तेव्हा तो..." तो थांबला. "आणि ते? मूर्ख आहे, पण माझा मूर्ख आहे?"

रूथला वाटलं, हे एक तरी राहू द्यावं त्याच्याकडे. पण त्याने ते तिच्याकडे खरं म्हणूनच मागितलं होतं.

"ते मी म्हणाले," ती म्हणाली. "त्याने तुझ्याबद्दल मला काही सांगितलं नव्हतं. भांडणाचंसुद्धा नाही."

बास्तियांने गळ्यातला पिवळा रुमाल ओढून काढला आणि तोंडावर दाबून धरला. नाचणाऱ्यांतून ओदील धापा टाकत, केस विस्कटलेले, टेबलापाशी आली.

"काय गं ए, माझ्या पोराला रडवलंस की काय? अरे बाबा, इतका गेला कामातून? एका इंग्रजापायी?" मग तिने रूथचा चेहरा बघितला. तिचे हात हळूहळू खाली आले. "काय झालं?"

रूथला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं. पहिल्यापेक्षा ते अवघड गेलं. वाक्य तेवढंच होतं, नोव्हेंबर, सायकल, ट्रक, पण या वेळी ऐकणारीने त्याचं नाक पुसलेलं होतं.

ओदील रडली नाही. बाकावर बसली. समोरचा पेला तिने उगाच एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवला.

"म्हणजे मी सूप घेऊन आले तेव्हा," ती म्हणाली.

"हो."

"मी काढा दिला."

"हो."

"तू एकटी, त्या भिंतीपलीकडे. आणि मी इकडे खरबुजाच्या फोडींवरून तुला बोलतेय." आता तिचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "मी कोण होते गं त्याची? कुणीच नाही? तो माझ्या घरात वाढला, रूथ! तू मला त्याच्यासाठी रडूसुद्धा दिलं नाहीस. मला त्याचं लग्न ठरवू दिलंस! दुपारी! मला थांबवायचं होतंस!"

"मला आवडत होतं," रूथ म्हणाली. "तू त्याचं लग्न ठरवत होतीस ते मला आवडत होतं. तेवढं एकच मला आवडत होतं, ओदील."

 ओदीलने रूथचं डोकं धरून आपल्या छातीशी ओढलं, जरा जोरातच, आणि मग ती रडली. घामाचा आणि धुराचा वास येणाऱ्या त्या झग्यात तोंड खुपसून रूथ ऐकत राहिली. टोबीसाठी मार्टिन रडला होता, इझी रडली होती. घराबाहेरचं कुणी त्याच्यासाठी असं रडताना ती पहिल्यांदा ऐकत होती. बातमी टेबलाटेबलाने पुढे सरकत होती. ट्रम्पेट थांबला, मग अ‍ॅकॉर्डियन थांबला, ढोलवाल्याला कुणीतरी हाताने खुणावलं. तोबी गावाच्या एकेका तोंडातून जात होता, आणि आता त्याला परत आणणारं कुणी उरलं नव्हतं. टेबलाच्या टोकावरून इझी उठून आली आणि आईच्या पाठीला पाठ लावून बसली.

बऱ्याच वेळाने ओदीलने नाक पुसलं.

"कुठे ठेवलंय त्याला?" तिने विचारलं.

"लीड्सला."

"तिथे तुमचं कोण असतं?"

रूथने आठवून बघितलं. मार्टिनचा भाऊ ब्रिस्टलला. आई पार दक्षिणेला, म्हातारी. टोबीची खोली दुसऱ्या कुणाला दिलेली.

"कुणी नाही."

"मग त्याच्याकडे जातं कोण? थडग्यावरचं गवत कोण काढतं?"

रूथने नकारार्थी मान हलवली.

 ओदीलला राग आता नव्हता. एखादी आई तान्हं पोर बाजारात विसरून आली असं कळावं, तसे तिचे डोळे झाले होते.

"म्हणजे आपण इथे त्याला बढती देतोय, लग्नाला उभा करतोय," ती हळू म्हणाली, "आणि पोरगं इतके महिने तिथे एकटंच आहे?"

"हो," रूथ म्हणाली. "एकटाच आहे."